शर्यतीतली लबाडी आणि तिची शिक्षा



शर्यत बैलांची असो, घोड्यांची असो की मोटारींची असो, तिला पंच हा लागतोच. पहिला कोण आला हे तर त्याने सांगायचेच, पण पहिला आलेला नियमाने आला की नाही, हेही त्यालाच सांगावे लागते. नियम मोडला की नाही हे बहुधा काट्यावर, फुटपट्टीवर किंवा घड्याळावर कळते. पण मोडणाऱ्याने तो जाणूनबुजून मोडला का, आणि मोडला असल्यास त्याला किती शिक्षा द्यावी, हे कोणत्याही काट्यावर कळत नाही. तिथे पंचाची अक्कल आणि सचोटी कामी येते. आज आपण या दोन प्रश्नांचा विचार करणार आहोत. विषय खेळाचा आहे खरा. पण त्याची झळ आपल्या गोठ्यापर्यंत येऊन गेलेली आहे. ती कशी, ते आधी सांगतो.

आपल्या खानदेशात खिलार बैलांचा एक वाण आहे, त्याला तापी खिलार म्हणतात. खिलार बैल म्हणजे अंगाने काटक आणि पायाने चपळ. असा बैल ज्याच्या दावणीला असेल त्याच्या मनात शर्यतीचा विचार यायचाच. पुण्याकडे बैलगाडा शर्यत म्हणतात, विदर्भाकडे शंकरपट म्हणतात. नावे आणि रीती निरनिराळ्या असल्या तरी हिशेब एकच: ठरलेले अंतर जी जोडी आधी कापील ती जिंकली.

हिशेब सरळ असला तरी जिंकण्याचे सगळे मार्ग काही सरळ नव्हते. कोणी पराणीला अणकुचीदार आर लावी, कोणी शेपटी पिरगाळी, कोणी बैलाला दारू पाजी आणि कोणी बॅटरीचा झटका देणारे यंत्र मुठीत लपवून आणी. लोकांना बैल पळताना दिसे. तो कशामुळे पळतो आहे ते दिसत नसे.

आता या गुन्ह्याला शिक्षा काय होती? प्राण्यांच्या छळाला प्रतिबंध करणारा केंद्राचा कायदा १९६० सालचा. त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड ठेवला होता तो कमीत कमी १० रुपये आणि जास्तीत जास्त ५० रुपये! जरा हिशेब करून बघा. एका बाजूला मोटारसायकलीचे किंवा ट्रॅक्टरचे बक्षीस, गावातून मिरवणूक आणि बैलाची वाढलेली किंमत. दुसऱ्या बाजूला पन्नास रुपये, आणि तेही पकडला गेला तर. अशा शिक्षेला कोण भिणार? ती लबाडीवर बसवलेली किरकोळ पट्टी झाली. भरली की मोकळे.

पुढे काय झाले ते आपणांस ठाऊक आहे. ११ जुलै २०११ रोजी केंद्र सरकारने, ज्या प्राण्यांना खेळासाठी शिकवता किंवा दाखवता येत नाही, त्यांच्या यादीत बैलाचे नाव घातले. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतले जल्लिकट्टू आणि महाराष्ट्रातल्या बैलांच्या शर्यती, दोन्ही बंद केले. २०१७ साली आपल्या विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती केली. पण उच्च न्यायालयात ती अडली. शेवटी १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींवर परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ही दुरुस्ती वैध ठरवली.

बैल हा मुळात शर्यतीसाठी घडलेला प्राणीच नव्हे, असेही २०१४ च्या निकालात म्हटले होते. तेव्हा सगळा दोष चार लबाडांवर टाकून मोकळे होता येणार नाही. तरीपण न्यायालयापुढे जे पुरावे आले त्यांत आर, झटके आणि पिरगाळलेल्या शेपट्या होत्या, हे विसरू नये. ज्याने बैलावर कधी काठी उगारली नाही, त्याचीही जोडी त्या सात-साडेसात वर्षांत दावणीलाच राहिली. एकेकट्या लबाडाला वेळीच आणि पुरेशी शिक्षा झाली नाही, तर अखेरीस शिक्षा सरसकट होते आणि ती भल्या माणसालाही भोगावी लागते. माझ्या आजच्या बोलण्याचे सार हे एवढेच आहे.

मग पुरेशी शिक्षा म्हणजे किती? कडक म्हणजे न्याय्य असे काही नाही. चुकलेल्याला आणि फसवणाऱ्याला एकाच दाव्याने बांधले तर तोही अन्यायच. त्यासाठी आधी नियम वाकवण्याचे प्रकार वेगळे करायला हवेत. ते मला तीन दिसतात: युक्ती, कसूर आणि लबाडी.

आपल्या कापसाचेच उदाहरण घ्या. एक शेतकरी पहिल्या वेचणीचा स्वच्छ कापूस आणि शेवटची फरदड वेगवेगळी ठेवतो, आणि चांगल्याला चांगला भाव घेतो. ही युक्ती. त्याने कोणाला फसवले नाही. दुसऱ्याचा कापूस दवाने किंवा अवेळी पावसाने ओलसर झाला. ही कसूर. भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदी केंद्रावर तिचा हिशेब ठरलेला आहे: ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव, ८ ते १२ टक्क्यांपर्यंत ओलाव्याच्या प्रमाणात भाव कमी, आणि १२ टक्क्यांच्या वर खरेदी नाही. तिथे कोणी त्या शेतकऱ्याला चोर म्हणत नाही. तिसरा मात्र रात्री गाडीतल्या मधल्या थरावर पाणी शिंपडतो आणि वर कोरडा कापूस पसरतो. ही लबाडी. ओलावा दुसऱ्याच्या आणि तिसऱ्याच्या कापसात सारखाच निघेल; पण दोघांना आपण एका मापाने मोजणार नाही.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना हे परीक्षेच्या दालनात रोज दिसते. कोणते प्रश्न येतील याचा अंदाज बांधून अभ्यास करणारा मुलगा, कंपासपेटीत चुकून वहीचे पान राहिलेला मुलगा आणि बाहीत चिठ्ठी लपवणारा मुलगा, हे तिघे वेगळे.

आता हे तीन प्रकार मोटारींच्या शर्यतीत कसे दिसतात ते पाहू. तिथे फार मोठा पैसा आहे, हुशार इंजिनिअर आहेत आणि नियमांचे जाड पुस्तक आहे. ‘फॉर्म्युला वन’ या नावातला ‘फॉर्म्युला’ म्हणजे सर्व मोटारींनी पाळायची नियमावलीच. मोटारीचे वजन किमान किती हवे, इंधन किती वापरावे, कोणता भाग हलता चालेल, सारे त्यात लिहिलेले असते. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघ, म्हणजे एफआयए ही संस्था ते नियम करते, आणि तिचे तपासनीस शर्यत संपली की मोटारी काट्यावर चढवतात.

पहिले उदाहरण युक्तीचे. १९७८ साली स्वीडनमधल्या अँडरस्टॉर्प येथील शर्यतीत ब्रॅबहॅम संघाने एक अजब मोटार आणली. तिच्या पाठीमागे मोठा पंखा होता. हा पंखा मोटारीखालची हवा उपसून बाहेर फेकी. खालची हवा विरळ झाली की वरच्या हवेच्या दाबाने मोटार रस्त्याला चिकटून राही, आणि वळणावर तिला वेग तितका कमी करावा लागत नसे. नियम असा होता की हवेच्या दाबाचा फायदा घेणारा कोणताही भाग हलता नसावा. संघ म्हणाला, हा पंखा मुख्यतः इंजिन थंड ठेवण्यासाठी आहे. मोटार रस्त्याला चिकटते तो जोडीचा लाभ. निकी लाउडा या चालकाने ती शर्यत जिंकली. गिल्ला झाला. शेवटी जिंकलेली शर्यत काढून घेतली नाही. पण ती मोटार पुन्हा शर्यतीत उतरली नाही.

हा निवाडा मला शहाणपणाचा वाटतो. पंखा काही लपवलेला नव्हता, तो सर्वांच्या डोळ्यांसमोर फिरत होता. नियमात फट राहिली हा नियम करणाऱ्याचा दोष. फट दिसली तर ती पुढच्यासाठी बुजवावी. मागे जाऊन माणसाला दंड करू नये.

दुसरे उदाहरण कसुरीचे. २८ जुलै २०२४ रोजी बेल्जियममध्ये स्पा येथे जॉर्ज रसेल हा इंग्रज चालक पहिला आला. मोटारीचे किमान वजन त्या वर्षी ७९८ किलो ठरलेले होते. इंधन काढून मोटार तोलली तेव्हा ती दीड किलो कमी भरली. आठशे किलोत दीड किलो! रसेलने इतरांपेक्षा कमी वेळा टायर बदलले होते, आणि झिजलेल्या रबराचे वजन घटल्याचा हा परिणाम असावा, असे म्हटले गेले. संघाने फसवले असे कोणी म्हणाले नाही. तरीसुद्धा त्याचा निकाल रद्द झाला आणि पहिला क्रमांक दुसऱ्या आलेल्या लुईस हॅमिल्टनला मिळाला.

कोणी म्हणेल, हे कठोर झाले. मला तसे वाटत नाही. हलकी मोटार जास्त पळते. त्या दीड किलोचा फायदा, कळत असो वा नकळत, त्याला मिळालेला होता. जे अयोग्य रीतीने हाती आले ते परत घ्यायचे, आणि तिथेच थांबायचे. त्याच्यावर बंदी घातली नाही, त्याला लबाड ठरवले नाही. पुढची शर्यत तो इतरांच्या बरोबरीने धावला. खरेदी केंद्रावर ओल्या कापसाचा भाव कापतात, शेतकऱ्याचे नाव फळ्यावर लिहीत नाहीत, तसेच हे.

तिसरे उदाहरण लबाडीचे. १९९५ साली मोटारींच्या जागतिक रॅली स्पर्धेत, स्पेनमधील कॅटालोनियाच्या फेरीत, टोयोटाच्या संघाची मोटार तपासली गेली. इंजिनाला जितकी जास्त हवा तितकी त्याची ताकद जास्त. म्हणून सगळ्यांची ताकद सारखी राहावी यासाठी हवेच्या वाटेवर ३४ मिलिमीटर छिद्राची कडी बसवण्याचा नियम होता. टोयोटाच्या मोटारीत कडी होती, छिद्रही मापाचे होते. पण ती जागेवर बसवून आवळली की आतली रचना सरकून बाजूने चोरवाट उघडे आणि जादा हवा आत जाई. तपासणीसाठी कडी सोडवली की आतल्या स्प्रिंगा चोरवाट बंद करीत, आणि तपासनिसाच्या हाती निर्दोष वस्तू येई.

ही कारागिरी इतकी सफाईची होती की महासंघाच्या तेव्हाच्या अध्यक्षांनीही तिची तारीफ केली. पण तारीफ करून शिक्षा सोडली नाही. त्या वर्षीचे गुण गेले आणि संघाला बारा महिने स्पर्धेबाहेर ठेवले. कारण इथे नियमातली फट शोधलेली नव्हती. तपासणाऱ्याला फसवण्यासाठी मुद्दाम यंत्र घडवलेले होते. युक्ती उजेडात उभी राहते, लबाडीला अंधार लागतो. पंचाने हीच कसोटी लावावी: ‘हे तू लपवले होतेस का?’ लपवलेले असेल तर फायदा परत घेणे पुरत नाही. वर आणखी काही द्यावे लागते, नाहीतर पकडला गेला तरी लबाडाचे काहीच जात नाही.

प्रकार वेगळे झाले, शिक्षाही ठरली, म्हणजे न्याय झाला का? अजून नाही. शिक्षा कोण देतो आणि कशी देतो, यावरही पुष्कळ अवलंबून असते.

१९८४ साली टिरेल नावाच्या लहान इंग्रज संघाची मोटार अमेरिकेत डेट्रॉइटला दुसरी आली. तपासणीत तिच्या पाण्याच्या टाकीत शिशाच्या गोळ्या सापडल्या. आपल्याकडे वजनकाट्यावर भरलेला ट्रक तोलताना वजन वाढावे म्हणून दोन माणसे वर बसून राहतात, त्याच जातीची ही गोष्ट: मोटार हलकी पळवायची आणि शेवटी वजन भरून काट्यापुढे न्यायची, असा आरोप झाला. संघाचे वर्षाचे सगळे गुण रद्द झाले आणि उरलेल्या शर्यतींतून त्याला बाहेर काढले. पण अपिलापर्यंत आरोपच बदलत गेले. पाण्यात इंधन मिसळले होते हा पहिला आरोप पुढे फारच क्षीण ठरला. शिवाय त्या वेळी इंधनाचा एक नियम बदलायला बड्या संघांना सर्वांची संमती हवी होती, आणि टिरेल ती देत नव्हता. तो बाहेर गेला आणि अडचण दूर झाली. म्हणून आजही अनेक जाणकार त्या शिक्षेकडे संशयाने पाहतात. शिशाच्या गोळ्या खऱ्या होत्या. पण पंचाचा हेतू निर्मळ दिसला नाही, म्हणून खऱ्या दोषाची शिक्षाही लोकांना सूडासारखी वाटली.

उलट टोकाचे उदाहरण २०१९ सालचे. फेरारी या बड्या संघाच्या इंजिनाविषयी संशय आला. महासंघाने चौकशी केली आणि २८ फेब्रुवारी २०२० रोजी जाहीर केले की आपसात समझोता झाला असून त्याचा तपशील गुप्त राहील. पुढे महासंघानेच सांगितले की आपले पूर्ण समाधान झालेले नाही, पण दोष निर्विवाद सिद्ध होईल अशीही खात्री नाही. सात संघांनी मिळून याला आक्षेप घेतला. फेरारी दोषी होता असे कोणी सिद्ध केलेले नाही. आणि निर्दोष होता हेही लोकांना पटले नाही. बंद दाराआड झालेल्या न्यायाचे हेच होते. निर्दोष असेल त्याच्यावरचा डाग निघत नाही आणि दोषी असेल तो सुटून जातो.

एक उदाहरण आपल्या ओळखीच्या संघाचे. भारतीय मालकीचा ‘फोर्स इंडिया’ हा संघ २०१८ पर्यंत या शर्यतीत होता. तो नव्या मालकांकडे गेला आणि त्याचे नाव ‘रेसिंग पॉइंट’ झाले. २०२० साली त्याने ब्रेकला हवा पुरवणाऱ्या नळ्यांची घडण दुसऱ्या संघाकडून घेतली असे ठरले, आणि १५ गुण व ४ लाख युरो अशी शिक्षा झाली. वर्षाअखेरी त्याचे १९५ गुण भरले आणि मॅक्लारेनचे २०२. म्हणजे ते १५ गुण गेले नसते तर त्याचा चौथा क्रमांक तिसरा झाला असता. शिक्षा खरोखर लागली. पण त्या नळ्या मात्र पुढच्या शर्यतींत वापरू दिल्या! त्यामागे कायद्याचा बारकावा होता: दोष नळ्यांच्या आकारात नव्हता, त्या घडवण्याच्या रीतीत होता. सामान्य प्रेक्षकाला हे कसे समजावे? शिक्षेचे कारण चावडीवर बसलेल्या माणसाला दोन वाक्यांत सांगता आले पाहिजे. नाहीतर ती योग्य असूनही अयोग्य वाटते.

आता परत आपल्या मैदानावर येऊ. २०१७ च्या दुरुस्तीने महाराष्ट्रात बैलांच्या शर्यतीला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, धाव १००० मीटरपेक्षा जास्त ठेवता येत नाही, आणि छळ केल्यास ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पन्नास रुपयांवरून पाच लाखांवर आलो. दंड आता बक्षिसाच्या तोडीचा आहे. पण पुस्तकातला दंड कितीही मोठा असला, तरी तो लागू करणारे कोणी नसेल तर त्याचा धाक राहत नाही. तालुक्याचे पोलीस प्रत्येक मुठीत काय आहे ते पाहू शकत नाहीत. ते पाहायचे गावच्या पंचांनी.

बैलांच्या शर्यतीत आणखी एक फरक आहे, तो पंचांनी विसरू नये. मोटारीला पंखा लावला तर मोटारीला दुखत नाही. बैलाला दुखते, आणि त्याला गिल्ला करता येत नाही. म्हणून मोटारीच्या बाबतीत युक्ती उघडी असली की ती माफ करता येते, तसे इथे चालणार नाही. ‘नियमात या वस्तूचे नाव कुठे आहे?’ असे कोणी विचारले तर उत्तर सरळ द्यावे: बैलाला इजा होते ती प्रत्येक युक्ती लबाडीच्याच खात्यात जमा.

पंचांनी काय करावे? नियम आधी लिहून काढावेत आणि शर्यतीपूर्वी कर्ण्यावरून वाचून दाखवावेत, म्हणजे ‘मला माहीत नव्हते’ असे कोणी म्हणणार नाही. बक्षीस देण्याआधी जिंकलेली जोडी, गाडा आणि हाकणाऱ्याचे हात सर्वांदेखत तपासावेत. आणि हरलेल्यांपैकीही एखाद-दुसरी जोडी चिठ्ठी टाकून तपासावी, म्हणजे डूख धरून तपासले असे होणार नाही. दोष दिसला तर त्या माणसाला आधी बोलू द्यावे. कसूर असेल तर क्रमांक काढून घ्यावा आणि पुढच्या वर्षी त्याला सन्मानाने बोलवावे. लबाडी असेल तर क्रमांक काढून घ्यावा, शर्यतीचे मैदान त्याला बंद करावे, आणि बैलाचा छळ झाला असेल तर प्रकरण झाकून न ठेवता पोलिसांकडे द्यावे. निकाल कारणासह त्याच कर्ण्यावरून सांगावा. आणि मुख्य म्हणजे सरपंचाच्या जोडीला एक न्याय आणि सालदाराच्या जोडीला दुसरा, असे कधी करू नये.

हे करताना पंचांना वाईटपणा येईल. भाऊबंद रुसतील, ‘एवढ्याशा गोष्टीसाठी काय?’ म्हणतील. अशा वेळी २०१४ ते २०२१ ही वर्षे आठवावीत. तेव्हा कोणाची मूठ तपासायची वेळच आली नाही, कारण मैदानच रिकामे होते.